बढतीचा अर्ज आणि गच्चीवरच्या नोंदी

एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक असलेल्या वाचक भगिनीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा आधी देते.

वय ४१. भौतिकशास्त्राची पदवी घेतली, पुढे शिकायचं होतं, पण घरच्या परिस्थितीमुळे मिळाली ती नोकरी धरली. गेली सोळा वर्षं दुय्यम गुणपत्रकं, पदवी पडताळणी आणि जुन्या निकालांतल्या दुरुस्त्या हे त्यांचं काम. रात्री गच्चीवरून त्या रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं अशा ताऱ्यांची, निरीक्षणं करतात आणि नेमाने नोंदवून ठेवतात. आता अधीक्षकपदाची जागा निघाली आहे आणि साहेबांनी अर्ज करायला सुचवलं आहे. त्यांच्यानंतर नोकरीला लागलेले दोघं कधीच पुढे गेले. नवरा म्हणतो अर्ज कर. मैत्रिणी म्हणतात नोकरी सोड, आकाशदर्शनाचे कार्यक्रम कर, व्हिडिओ टाक. आणि त्या स्वतः लिहितात : "मी ना धड नोकरीतली, ना धड खगोलातली. दिवसभर पोटासाठी कागद हलवते आणि खरी मी रात्री तासभर जगते. खरंच आवड असती तर मी शास्त्रज्ञ झाले असते. बढती घेतली तर तो तासही जाईल. नाही घेतली तर निवृत्तीपर्यंत त्याच टेबलावर. काय करू?"

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली, तिथूनच सुरुवात करते. प्रश्न तुम्ही बढतीचा विचारलाय, जीव ताऱ्यांत असल्याचं सांगितलंय, पण पत्रातला सगळ्यात मोठा परिच्छेद या दोन्हींबद्दल नाही. तो आहे त्या निवृत्तीला आलेल्या गृहस्थांबद्दल, ज्यांचा जुना निकाल 'राखीव', म्हणजे राखून ठेवलेला, दाखवत होता आणि ज्यांना सगळ्यांनी "रेकॉर्ड उपलब्ध नाही" म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही रेकॉर्डरूममध्ये जाऊन ते टॅब्युलेशन रजिस्टर, म्हणजे सगळ्यांच्या गुणांची मूळ नोंदवही, शोधलंत. पानाच्या तळाची ओळ पुढच्या पानावर उतरवताना बैठक क्रमांकातला एक आकडा बदलला होता आणि त्यामुळे त्यांचे गुण भलत्याच नावासमोर बसले होते. पुढच्या पानावरची शाई वेगळी आहे, म्हणजे मधे लिहिणारा बदलला असणार, हेही तुमच्या लक्षात आलं. तुम्ही टिप्पणी लिहिलीत, दोन्ही पानांच्या प्रती जोडल्या, सही होईपर्यंत फाइलचा पाठपुरावा केलात.

"कागद हलवते" म्हणणारी बाई असं लिहीत नाही. तो परिच्छेद लिहिताना तुम्ही इतक्या रंगून गेला होतात की बढतीचा विषय पानभर विसरलात. म्हणून "खरी मी रात्री तासभर जगते" हे तुमचं वाक्य मला तपासून बघावंसं वाटतं.

या छंदाची ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. रूपविकारी ताऱ्याचं तेज नुसत्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीने (बायनॉक्युलरने) ठरवायचं तर त्याच्या आसपासचे तेज न बदलणारे, प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ठाऊक असलेले तारे घ्यायचे. एक आपल्या ताऱ्याहून थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. मग आपला तारा त्या दोघांच्या मधे नेमका कुठे बसतो याचा अंदाज करायचा आणि वेळेसह लिहून ठेवायचा. नकाशावर ३.८ प्रतीचा तारा नुसता ३८ असा लिहिलेला असतो, कारण दशांशाचा ठिपका एखादा ताराच वाटू शकतो. आणि नियम असा की नवी नोंद करण्याआधी आपली जुनी नोंद उघडायची नाही. उघडली की डोळा तीच किंमत शोधायला लागतो.

आता सांगा, त्या गृहस्थांच्या रजिस्टरशी तुम्ही याहून वेगळं काय केलंत? न बदलणाऱ्या ओळींशी ताडून बदललेली ओळ हुडकलीत, आणि "उपलब्ध नाही" या जुन्या शेऱ्यावर विसंबला नाहीत. दिवसा एक बाई आणि रात्री दुसरी, असं मला काही दिसत नाही. नजर एकच आहे. हे समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. नोकरीला 'खोटी' ठरवून ठेवलं की तिच्याबद्दलचा कुठलाही निर्णय नीट घेता येत नाही, कारण खोट्या गोष्टीतलं काय राखायचं आणि काय सोडायचं याचा विचारच आपण करत नाही.

दुसरं वाक्य मला जास्त टोचलं : "खरंच आवड असती तर मी शास्त्रज्ञ झाले असते." शिक्षण थांबलं याचं दुःख खरं आहे, ते मी खोडून काढणार नाही. पण परिस्थितीने जे घडलं त्याचा पुरावा तुम्ही आवडीच्या विरोधात का वापरताय? आणि तुम्ही निवडलेलं क्षेत्र तर असं आहे की तिथे पगारी आणि बिनपगारी ही भिंत कधी फारशी उंच नव्हतीच. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्याकडे जगभरातून जमलेल्या कोट्यवधी नोंदींत हौशी निरीक्षकांचा वाटा फार मोठा आहे. मोठ्या दुर्बिणींचा वेळ मोजूनमापून मिळतो. एकेका ताऱ्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायला माणसं लागतात. मृगातला तांबडा काक्षी (बेटेलज्यूज) हा तारा २०१९ च्या अखेरीस मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची प्रत १.६ च्या आसपास घसरली. हे 'घसरणं' कळलं ते आधीच्या नोंदी होत्या म्हणून.

न्यूझीलंडचे अल्बर्ट जोन्स (१९२०–२०१३) तुम्हाला माहीत असतील. नसतील तर जरूर वाचा त्यांच्याबद्दल. पोटासाठी त्यांनी गिरणीत काम केलं, किराणा दुकान चालवलं, मोटारी जोडण्याच्या कारखान्यात नोकरी केली. आणि आयुष्यभरात रूपविकारी ताऱ्यांच्या पाच लाखांहून जास्त नोंदी केल्या. १९४६ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याकडे दुर्बीण वळवताना त्यांना एक नवा धूमकेतू सापडला, आणि दुसरा सापडला तो थेट २००० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. २००४ मध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्यांची बरोबरी करा असं मी म्हणत नाही. पाच लाख नोंदी हे कुणावरही लादण्यासारखं उद्दिष्ट नव्हे. मला एवढंच दाखवायचंय की कारखान्यात काम करणाऱ्या त्या माणसाला 'धड खगोलातला नाही' असं कुणी म्हटलं असतं, तर ते तुम्हाला पटलं नसतं. मग स्वतःला का म्हणता?

(पुढचं शिक्षण अजूनही हवंय का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मोकळेपणाने विचारा. ताऱ्यांच्या भौतिकीचं ज्ञान हवं असेल तर आज घरबसल्या अभ्यासक्रम मिळतात. पण केवळ कुणाला तरी सिद्ध करून दाखवण्यासाठी पदवी हवी असेल, तर ती मिळाल्यावरही हे टोचणं थांबणार नाही असं मला वाटतं.)

आता मैत्रिणींचा सल्ला. त्या प्रेमापोटीच बोलतात, पण तुम्ही रात्री नक्की काय करता हे त्यांच्या नीट लक्षात आलेलं दिसत नाही. आकाशदर्शनाला आलेल्या माणसाला शनीची कडी हवी असतात, चंद्रावरची विवरं हवी असतात, आणि ती हवीतच. तुम्ही मात्र एका ठिपक्याची दुसऱ्या दोन ठिपक्यांशी तुलना करता, गप्प बसून. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्यात पाहण्यासारखं काही नसतं. म्हणजे तुम्ही कार्यक्रम कराल, तेव्हा जे विकाल ते तुमच्या आवडीचं नसेलच. माणसं जमवणं, ढग आले तर समजूत काढणं, तेच तेच प्रश्न हसतमुखाने ऐकणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि तो चांगला करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. तुम्हाला तो आवडेल का, हे नोकरी सोडून बघायची गरज नाही. विभागातल्या सहकाऱ्यांच्या मुलांना एकदा बोलवा. ती गेल्यावर तुम्ही ताज्यातवान्या असाल की दमलेल्या, त्यावरून बरंच कळेल.

आवड आणि मोबदला यांच्या नात्यावर मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. ज्या लहान मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत, बक्षिसाची गोष्टच नसताना, हीच मुलं इतरांपेक्षा बरीच कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना बक्षीस अचानक, न सांगता मिळालं होतं त्यांचा उत्साह टिकून होता. मुलांवरचा प्रयोग जसाच्या तसा प्रौढांना लावता येत नाही, आणि छंदातून समाधानाने पोट भरणारी माणसं आहेतच. पण ज्या कामात तुम्ही आजवर कुणाच्या शाबासकीसाठी बसला नाहीत, ते शाबासकीच्या हवाली करण्याआधी थांबा. तूर्त राजीनाम्याचा विषय मी तरी बाजूला ठेवला असता.

उरली बढती. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुम्ही तिच्याकडे सोळा वर्षांच्या कामाचा निकाल म्हणून बघताय. मिळाली तर पास, नाही तर नापास. अधीक्षकपद हे आजच्याच कामाचं वरचं टोक असतं असं नाही. बहुतेक वेळा ते दुसरंच काम असतं. अमेरिकेतल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की उत्तम विक्री करणाऱ्यांना व्यवस्थापकपद मिळण्याची शक्यता जास्त होती, पण विक्रीतलं त्यांचं यश ते पुढे माणसं कशी सांभाळतील हे सांगत नव्हतं. उलट त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने कमीच भरली. तुमचं कार्यालय वेगळं, हे खरं. तरी प्रश्न लागू पडतो : जुन्या रजिस्टरांत रमणाऱ्या बाईला रजेचे अर्ज, दोघांतली भांडणं, गोपनीय अहवाल आणि "निकाल कधी लागणार?" असे फोन यांत किती रमता येईल?

याचं उत्तर तुमच्या साहेबांकडे नाही, माझ्याकडेही नाही. सध्या अधीक्षकाच्या खुर्चीत जे कुणी आहेत, त्यांच्याकडे आहे. त्यांना सरळ सांगा की अर्जाचा विचार करतेय, काही दिवस तुमच्या शेजारी बसू देता का. निकालाचे दिवस असतील तर उत्तमच. त्यांच्या टेबलावर सकाळपासून काय काय येतं ते बघा. रात्री फोन येतात का, सुट्टीच्या दिवशी यावं लागतं का, चूक दुसऱ्याची असली तरी सही कुणाची असते, स्वतःच्या हाताने एखादं प्रकरण तडीस नेता येतं की फक्त वरून फाइल पुढे सरकवायची. आणि हेही विचारा की या कामातला कुठला भाग त्यांना मनापासून आवडतो. जर ते क्षणभरही न थांबता उत्तर देऊ शकले, तर ते उत्तर नीट ऐका.

एक अवघड गोष्ट विचारते, राग मानू नका. "तो तास जाईल" हे कारण खरं आहे की सोयीचं आहे? छंद कधीकधी उत्तम आडोसा देतो. मुलाखतीची भीती, नकाराची भीती, कालपर्यंत बरोबरीने डबा खाणाऱ्यांवर देखरेख करायची धास्ती, हे सगळं 'मला माझा वेळ हवाय' या वाक्यामागे सहज झाकून जातं. तुमच्या बाबतीत तसं आहेच असं मी म्हणत नाही. पण आहे का, हे तुम्हीच तपासू शकता. आणि उलटही आहे : मागून आलेले दोघं पुढे गेले हे मनाला लागत असेल, तर ते लागू द्या. मान हवासा वाटणं यात कमीपणा काही नाही. फक्त तो मान त्या खुर्चीतच मिळेल की आणखी कुठे, एवढं वेगळं करून बघा.

कारण मला तिसरी एक वाट दिसते, जिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. पदवी पडताळणी आणि जुन्या नोंदींची विश्वासार्हता हा विषय आज जगभर महत्त्वाचा झालाय. विद्यार्थी आणि नोकरदार देशोदेशी जातात, आणि त्यांच्या मागे त्यांच्या कागदांचा खरेपणा तपासावा लागतो. युरोपातल्या देशांनी १९९७ मध्ये लिस्बनला परस्परांच्या पदव्या मान्य करण्याबद्दलचा करार केला. विद्यार्थ्यांच्या नोंदी डिजिटल रूपात सुरक्षितपणे एकीकडून दुसरीकडे नेता याव्यात म्हणून २०१२ मध्ये ग्रोनिंगेन जाहीरनामा झाला. उच्च शिक्षणाच्या पात्रतांना मान्यता देण्याबाबत युनेस्कोचा जागतिक करार २०१९ मध्ये स्वीकारला गेला आणि मार्च २०२३ पासून तो अंमलात आला. या सगळ्याच्या तळाशी शेवटी काय असतं? कुठल्या तरी विद्यापीठाच्या कुठल्या तरी खोलीतलं रजिस्टर, आणि ते वाचता येणारं कुणीतरी. तुमच्या विभागात ते तुम्ही आहात.

म्हणून अर्ज करा किंवा करू नका, पण एक प्रस्ताव मात्र लिहाच. जुन्या रजिस्टरांची वर्षवार सूची, त्यांचं स्कॅनिंग कुठल्या क्रमाने व्हावं, 'राखीव' निकालांच्या प्रकरणांत आधी काय आणि मग काय तपासायचं याची लिखित पद्धत, आणि नव्याने लागलेल्यांना ती शिकवण्याची सोय. तीन-चार पानांत मावेल असं. त्या गृहस्थांचं प्रकरण नाव गाळून उदाहरण म्हणून घाला. असा प्रस्ताव मंजूर झाला तर टेबल न बदलताही तुमचं काम बदलेल. आणि बढतीच्या मुलाखतीला गेलातच, तर तुमच्याकडे सेवेच्या वर्षांखेरीज दाखवायला काहीतरी ठोस असेल. तुमच्यासारख्या 'एकाच टेबलावर' असलेल्या इतर वाचकांनाही हे सांगेन : ज्या गोष्टीसाठी अख्खा विभाग तुमच्याकडे येतो, ती कागदावर आणा. तोंडी राहिलेलं कौशल्य सगळ्यांच्या उपयोगी पडतं, पण ते तुमच्या नावावर लागत नाही.

आता त्या तासाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की निरीक्षण "सगळं आवरून झाल्यावर" सुरू होतं. हे 'सगळं' कोण आवरतं? तुमच्या पत्रात नवरा सल्ला देताना दिसतो, आवरताना दिसत नाही. माझी समजूत चुकीची असेल तर सोडून द्या. पण बढतीमुळे तास जाईल ही धास्ती जितकी कार्यालयाची आहे तितकीच घराचीही असू शकते. अर्ज कर म्हणणाऱ्या माणसाशी बसून हे बोला : अर्ज केला आणि जागा मिळाली, तर आठवड्यातले कुठले दिवस रात्रीचं आवरणं त्याच्याकडे? नेमके वार ठरवून घ्या. 'बघू, जमेल तसं' यावर थांबू नका.

शिवाय तुमचा छंद या बाबतीत फार उदार आहे, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा ताऱ्याचं तेज कमीजास्त होण्याचं एक चक्र सुमारे ३३२ दिवसांचं. अशा दीर्घ आवर्तनाच्या ताऱ्यांना आठवड्यातून, फार तर दहा दिवसांतून एक नोंद पुरते. ययाती तारकासमूहातला अल्गॉल, जोडीदार तारा पुढून जाऊन त्याला झाकतो म्हणून, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो; या ग्रहणाची वेळ आधीच काढता येते, त्यामुळे सोयीची रात्र निवडता येते. निकालाच्या धामधुमीचे महिने आधीच कॅलेंडरवर मांडा आणि त्या काळासाठी फक्त चार-पाच सावकाश बदलणारे तारे ठेवा. रोजची निरीक्षणं मागणारे तारे मोकळ्या महिन्यांसाठी. सगळेच छंद असे नसतात. गाण्याचा रियाज आठवड्यातून एकदा करून भागत नाही, आणि तशा वाचकांना बढतीचा हिशेब जास्त कडक करावा लागेल. पण तुमच्या यादीवर एकदा या नजरेने हात फिरवा. 'रोज तासभर'च हवाय की 'आठवड्यातून तीन रात्री, पण कुणी हाक न मारता' हवाय, हे त्यातून स्पष्ट होईल.

माझा कल विचाराल तर सांगते. राजीनामा नको. प्रस्ताव नक्की. अर्जाबद्दल मात्र अधीक्षकांच्या शेजारी बसून आल्याशिवाय ठरवू नका, मग ते होकाराचं असो की नकाराचं. बसून आल्यावर त्या कामाबद्दल कुतूहल वाटलं तर अर्ज करा, आणि मुलाखतीत रेकॉर्डच्या कामाची जबाबदारी आपल्याकडेच ठेवायची इच्छा आहे हे सांगून टाका. ती मागणी मान्य होण्याची वेळ जागा स्वीकारण्याआधीची असते, नंतरची नाही. नको वाटलं तर अर्ज करू नका, पण त्याआधी आस्थापना विभागात जाऊन एक माहिती घ्या : या वेळी अर्ज न केल्याचा किंवा मिळालेली बढती नाकारल्याचा पुढच्या संधीवर आणि ज्येष्ठतेवर काय परिणाम होतो. सेवानियम ठिकठिकाणी वेगळे असतात आणि सहकाऱ्यांच्या तोंडी माहितीवर यात विसंबू नये. नियमाचा क्रमांक विचारा, तो स्वतः वाचा, आणि मगच साहेबांना उत्तर द्या.